फक्त पुढं जाणारं मशीन

चाचांनी रिक्षातून मशीन उतरवलं तेव्हा मला ते गवत कापायचं यंत्र वाटलं. उंच दांडी, खाली जडशीळ धूड, पाठीला कापडी पिशवी.

"व्हॅक्यूम क्लीनर हाय," चाचा म्हणाले. "आपला आपण चालायचा. आता नुसता पुढं जातो."

दापोलीत मी बावीस वर्षं पंप, मिक्सर, पंख्यांची कामं करतो. स्वतःच्या चाकांवर चालणारा व्हॅक्यूम मात्र कधी पाहिला नव्हता. हर्णैकडच्या एका गावातल्या मशिदीतला होता तो. बोटीवर नोकरीला असलेल्या कुणीतरी अमेरिकेतून जुना आणून दिलेला. फिरता ब्रश गालिच्याला धरून बसतो, त्यात मशीन दहाएक किलोचं. म्हणून चाकांनाही मोटरची ताकद दिलेली. चाचा सत्तरीपार. रमजान आठ दिवसांवर.

पाटीवर १२० व्होल्ट, ६० सायकल, म्हणजे हर्ट्झ; आपली वीज ५०ची. सायकलची चिंता नव्हती. मिक्सरसारखीच कार्बन ब्रशची मोटर, तिला ५० काय नि ६० काय. पण आपले २३० व्होल्ट थेट दिले असते तर धूरच निघाला असता. चाचांनी ट्रान्सफॉर्मर बरोबर आणला होता.

चालू केलं, मूठ जराशी पुढं लोटली. मशीन निघालं. मूठ सोडली, तरी निघालंच. टेबलाखाली घुसून स्टुलाला थडकलं आणि तिथंच चाकं फिरवत राहिलं. चाचांनी सरावाच्या हातानं प्लग उपटला.

"मुठीत दोष हाय बाबा. आधी सोडली की 'टक' लागायचं. आता लागत नाय."

मी मान डोलावली आणि गिअरबॉक्स उघडायला घेतला. इतकी वर्षं धंदा केला की गिऱ्हाईकाचं निदान एका कानानं ऐकायची खोड लागते.

आतली रचना बघण्यासारखी होती. मोटर एकाच दिशेनं फिरते, तिला उलटं फिरवायची सोयच नाही. म्हणून आत दोन गिअर सतत उलटसुलट फिरत असतात, मधला क्लच ज्याला धरेल ती चाकांची दिशा. मधोमध राहिला तर न्यूट्रल. ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. दोन तास रॉकेलनं धुतलं, दात तपासले. सगळे शाबूत. नवं ग्रीस भरून जोडलं. मशीन परत स्टुलाला जाऊन थडकलं.

चाचा बाकावर बसून सगळं बघत होते. काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

मग मुठीकडे वळलो. मूठ दांडीवर बोटभर मागेपुढे सरकते. पुढं लोटली की केबल ओढली जाते आणि क्लच पुढच्या गिअरला लागतो. मागं घेतली की केबल ढिली पडते, आणि क्लचला परत आणायचं काम एका बारीकशा स्प्रिंगचं. केबलचं वरचं आवरण वाकणीवर तडकलेलं. तिथून खारी हवा आत शिरून तार गंजानं धरून बसली होती. माणसाच्या हाताच्या जोरानं ओढली जायची, स्प्रिंगच्या जोरानं परत यायची नाही. म्हणून फक्त पुढं.

तसली केबल इथं कुठून मिळणार? शेजारच्या गॅरेजमधून बाइकची क्लच केबल आणली, मापात कापली, टोकाला निपल, म्हणजे तार अडकवायची धातूची गोळी, डाग देऊन बसवला.

खरा वेळ गेला तो ॲडजस्टरवर, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करायच्या नटावर. मशीन पालथं घातलं, ब्रशचा पट्टा काढून ठेवला, नाहीतर फिरता ब्रश शर्टाची बाही खेचतो. नटाचा अर्धा आटा जास्त झाला की मूठ सोडली तरी चाकं गोगलगायीसारखी पुढं सरकायची, अर्धा कमी की मागं. त्या दोघांच्या मधली जागा केसाएवढी. सापडली तोवर बाहेर दिवे लागले होते.

चाचांना म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी मूठ लोटली. मशीन दुकानाच्या दारापर्यंत गेलं. सोडली. टक. मागं घेतली, मशीन पाठीपाठी परत आलं.

"ह्येच सांगत होतो," चाचा म्हणाले.

गिअरबॉक्सचे दोन तास मी बिलात धरले नाहीत. ग्रीसचे मात्र लावले.