तीन चालत्या, एक उघडी

जुन्या, हौसेच्या गाड्या किती ठेवाव्यात हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. ज्यांच्याकडे एकही नाही ती, आणि ज्यांच्याकडे आठ आहेत ती. पहिल्यांना वाटतं उत्तर पैशात आहे, दुसऱ्यांना वाटतं जागेत. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून असेल, पण मला ते कॅलेंडरात दिसतं.

वर्षाचे रविवार ५२. त्यातले निम्मे आपले नसतातच असं धरून चाला. पाऊस, पाहुणे, लग्नकार्य, पेपर तपासणी, आणि नुसता कंटाळा. उरले २६. एका रविवारी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन गाड्या नीट फिरवून आणता येतात, म्हणजे वर्षाला ५२ फेऱ्या. प्रत्येक गाडी निदान तीन आठवड्यांतून एकदा बाहेर पडायला हवी, म्हणजे गाडीमागे १७ फेऱ्या. ५२ भागिले १७, उत्तर तीन, बाकी एक. ती उरलेली फेरी बॅटरी आणण्यात जाते.

यातला 'नीट' हा शब्द लोक वगळतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापलेले असतील तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड असतील तर सायलेन्सरच्या पोटात साचतं, आणि थोडं पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे गाडी तापली असंही नाही. काटा पाण्याचं सांगतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. त्यामुळे अर्धा तास तरी रस्त्यावर, शेवटच्या गीअरपर्यंत जाऊन, ब्रेक खरोखर वापरून आलं तर ती एक फेरी. गाडी जागेवरच सुरू करून दहा मिनिटं गुरगुरत ठेवायची आणि मग कव्हर घालायचं, हा प्रकार न चालवण्याहून वाईट. पाणी तयार केलं, ते घालवलं नाही, वर बॅटरीतून स्टार्टरने ओढून घेतलं तेही परत भरलं नाही. तरी माझ्या ओळखीतले निम्मे हौशी लोक हेच करतात आणि 'दर आठवड्याला चालू करतो हं मी' असं अभिमानाने सांगतात.

ट्रिकल चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा चार्जर, आल्यापासून ही फसवणूक आणखी सोपी झालीय. बॅटरी १२.६ व्होल्टवर टवटवीत, चावी फिरवली की इंजिन पेटतं, म्हणजे गाडी ठणठणीत असं वाटतं. बाकीचं चार्जर बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी पाच किलोमीटर चालो की पाच हजार. कार्ब्युरेटर, म्हणजे जुन्या इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, त्याच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर ठेवतं. टायरची नक्षी नव्यासारखी असते, रबर मात्र कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कुणाच्याही गाड्या बघायला गेले की मी आधी बॉनेट नाही, ते चार आकडे बघते. किती गाड्या झेपतात ते मालकापेक्षा टायर खरं सांगतात.

दुसरं बंधन माझं मी घातलंय: एका वेळी एकच गाडी उघडी. उघडी म्हणजे टपाशिवायची नव्हे, इंजिन उतरवलेलं किंवा ब्रेक सोडवून ठेवलेले, म्हणजे ढकलल्याशिवाय न हलणारी. तीन चालत्या असताना चौथी उघडी असू शकते, कारण तिला रविवारच्या फेऱ्या लागत नाहीत, ती आठवड्यातल्या संध्याकाळी खाते. पण दुसरी उघडायची नाही, म्हणजे नाही.

'पार्ट यायचाय, तोवर दुसरी उघडून बघू' या वाक्याने जेवढ्या गाड्या मारल्या असतील तेवढ्या गंजानेही मारल्या नसतील. पार्ट येईपर्यंत दुसरीचे नटबोल्ट पहिलीच्या डब्यात गेलेले असतात. पहिलीची आठवण पुसट झालेली असते, कुठली वायर कुठे जात होती, वॉशर वर होता की खाली. आणि उघडी गाडी आपण सोडली तशी थांबून राहत नाही. व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात संसार थाटतात. सहा महिन्यांनी परत गेलं की एका दुखण्याची तीन झालेली असतात, आणि मन तिसऱ्या गाडीकडे वळलेलं असतं.

आता माझ्या गाड्या.

मर्सिडीज २४० डी, १९८२ची, डब्ल्यू १२३ मालिकेतली. या मालिकेच्या १९७६ पासूनच्या दहाएक वर्षांत जवळजवळ २७ लाख गाड्या निघाल्या, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. आई-बाबांना बसता येतं, पावसात नेता येते, सामान मावतं. चावी अर्धी फिरवून ग्लो प्लगचा, म्हणजे डिझेल इंजिन आतून आधी तापवणाऱ्या कांड्यांचा, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सुरू. हिची एक गंमत मला फार आवडते. दारांची लॉक आणि इंजिन बंद करायची यंत्रणा दोन्ही व्हॅक्युमवर, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून, चालतात, आणि डिझेलला ठिणगी लागत नाही. त्यामुळे या गाड्यांमध्ये दाराच्या आतली एखादी जुनी रबरी नळी चिरली की चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहू शकतं. ही गाडी नवऱ्याची. तिच्या फेऱ्या तोच मारतो, पण रविवार घरातलाच जातो, म्हणून हिशोबात ती धरायची.

एमजीबी, १९७१ची. आणि मझदा एमएक्स-५, १९९१ची, जिला आम्ही मिआटा म्हणतो.

इथे माझा नवरा बोट ठेवतो. दोन्ही उघड्या टपाच्या, दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. 'अगं, एकाच कामाला दोन माणसं कशाला?' तत्त्व म्हणून त्याचं बरोबर आहे. मीही इतरांना हेच सांगते की दोन गाड्यांचं काम एक असेल तर त्यातली एक उभीच राहणार. रविवारी सकाळी हात नेहमी एकाच चावीकडे जातो. आणि मझदाने ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आणली तेव्हा कल्पना अशीच होती, की जुन्या ब्रिटिश दोन-सीटरची मजा द्यायची आणि तेल गळणं, वायरिंग रुसणं हे वगळायचं. ते त्यांना इतकं जमलं की २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या झाल्या. चालवायला मिआटा सरस आहे, यात वादच नाही. गीअर मनगटातल्या मनगटात पडतात. पॉप-अप हेडलाइट वर येताना बघून शेजारची मुलं अजून ओरडतात.

मग एमजीबी कशाला? कारण तिला माझी गरज लागते. किंगपिनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळींना, साधारण दर ५,००० किलोमीटरला ग्रीस भरावं लागतं. जोडीच्या दोन एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरना वरची टोपी काढून थोडं ऑइल घालावं लागतं, आणि दोघांचा श्वास जुळवावा लागतो. मी त्यासाठी नळीचा एक तुकडा कानाला लावते आणि दोन्हीकडचा सूंऽऽ सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवते. हे काम चालू असताना मला फोन केलेला आवडत नाही. मिआटाचं बॉनेट उघडलं तर ऑइलची पातळी बघण्यापलीकडे ती मला फारसं काही करू देत नाही. पार्टची काळजी दोन्हींना सारखीच, म्हणजे जवळजवळ नाहीच. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या, आणि १९८८ पासून तर तिची अख्खी नवी बॉडीसुद्धा मूळ साच्यांतून काढून मिळू लागली.

थोडक्यात, नवऱ्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: एक चालवायला आहे आणि एक जुळवायला. त्याला हे पटलेलं नाही. मलाही अर्धंच पटलंय, ते पुढे येईलच.

उघडी गाडी म्हणजे बीटल, १९६८ची. बीटलच्या बाबतीत मोह असा की उघडायला फार सोपी. मागून वायरी, केबल, पेट्रोलची नळी सोडवली आणि चार बोल्ट काढले की इंजिन खाली येतं. जोडायलाही सोपी असते म्हणतात. इंजिन सध्या स्टँडवर आहे, सिलिंडरवरची झाकणं, म्हणजे हेड, काढलेली, आणि मी गेल्या हिवाळ्यापासून तिच्याभोवती वर्तमानपत्रं अंथरून बसलेय.

संख्येबद्दल बोलताना श्लुम्फ बंधूंचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, तेव्हा तेही एकदा उरकते. फ्रान्समधल्या म्यूलूझचे हे लोकरीच्या गिरण्यांचे मालक. फ्रिट्झ श्लुम्फने एका बंद केलेल्या गिरणीत गुपचूप चारशेच्या वर गाड्या जमवल्या, त्यात शंभरावर बुगाटी. १९६४ साली तर एका अमेरिकी संग्राहकाकडून ३० बुगाटी एकगठ्ठा उचलल्या. मांडणीसाठी पॅरिसच्या एका पुलावरच्या दिव्यांच्या शेकडो नकला करून घेतल्या. धंदा बुडाला, भाऊ स्वित्झर्लंडला निघून गेले, आणि १९७७ साली संपावरचे कामगार गिरणीत शिरले तेव्हा आपले पगार कुठे गेले ते त्यांना दिसलं. आज ते राष्ट्रीय संग्रहालय आहे. लोक ही गोष्ट हावरेपणाची म्हणून सांगतात. मला मात्र दरवेळी वाटतं, चारशे गाड्या आणि फ्रिट्झला रविवार बावन्नच. चालवल्या किती असतील त्याने?

असो. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका काकांनी विचारलं, डीएस घेतेस का म्हणून. सिट्रोएन डीएस, शेवटच्या वर्षांतली, हिरव्या ऑइलची. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. 'मुलांना नको आहे, तू सांभाळशील म्हणून तुला विचारतोय,' म्हणाले. अशा वाक्यापुढे गणित लटपटतं. ही गाडी १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा पहिल्याच दिवशी बारा हजार ऑर्डरी लागल्या होत्या, आणि आजही बाजूने बघितली तर का ते कळतं. सुरू केल्यावर दम घेत उठते, उभी ठेवली की हळूहळू बसते.

दोन संध्याकाळी मी फक्त तिच्याबद्दल वाचत होते. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि बऱ्याच डीएसमध्ये गीअर बदलणंसुद्धा एकाच हायड्रॉलिक दाबावर चालतं. जुन्या गाड्यांत लाल ऑइल, नंतरच्यांत हिरवं, आणि एकात दुसरं पडलं तर सगळी सील फुगून खलास. चाकांजवळच्या गोळ्यांतला नायट्रोजन वर्षांगणिक कमी होतो, तो भरून घ्यावा लागतो किंवा गोळे बदलावे लागतात. यातलं काही अवघड नाही, पण सगळं वेगळं आहे. बाकी चार गाड्यांवर शिकलेलं तिथे जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. नवीन गाडी घेताना पान्यांचा सेट तोच चालेल का, डोकं तेच चालेल का, हे जागेच्या आधी मोजावं असं माझं मत आहे. डीएस माझ्या हिशोबात एक गाडी नाही, दोन आहेत.

काकांना नाही म्हणाले. अवघड गेलं. पण त्यांच्यासाठी गिऱ्हाईक शोधायला मदत करतेय, आणि मिळेपर्यंत तिला तीन आठवड्यांतून एकदा त्यांच्यासोबत फिरवून आणायचं कबूल केलंय. नवऱ्याच्या मते ही मागच्या दाराने आलेली पाचवी गाडी आहे. मी त्याला सांगितलं, बाकी एक उरली होती ना, त्यात बसवते. एका फेरीत १७ कशा बसवणार, हे त्याने विचारलं नाही. तो इतिहास शिकवतो.

डीएसपेक्षा खरी अडचण बीटल आहे. ती पुरी झाली की चालत्या गाड्या चार होतात, आणि ५२ भागिले १७ काही बदलत नाही. मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की पिस्टन-सिलिंडरचा सेट येऊन पडलाय आणि मी अजून खोकंसुद्धा फोडलेलं नाही. ओळखीतल्या कितीतरी लोकांच्या गाड्या कायम 'थोडंच काम राहिलंय' वर का अडकतात, याचं उत्तर त्या खोक्यात होतं. उघडी असेपर्यंत निर्णय घ्यायला लागत नाही.

तर निर्णय आधीच घेऊन टाकला. बीटल रस्त्यावर आली की मिआटा जाईल. चालवायला सगळ्यांत चांगली तीच, आणि जाणारही तीच, हे भाचीला अजिबात समजलं नाही. ती मिआटावरच गाडी शिकली. पण मिआटाला माझ्याशिवाय कुणीही नीट ठेवेल. एमजीबीबद्दल मला तसं म्हणता येत नाही. मर्सिडीजला हात लावायची सोय नाही, ती माझी नाहीच. भाचीला हवी असेल तर पहिला हक्क तिचा, अट एकच, तिच्याकडे तीन आठवड्यांतून एक अर्धा तास असला पाहिजे. ती म्हणाली, 'मावशी, मी रोजच चालवीन.' तसं झालं तर उत्तमच.

सिलिंडरचं खोकं काल फोडलं. मिआटाच्या टायरवरचे आकडेही बघितले. देण्याआधी चारही बदलावे लागतील.