लीड्सची खोली आणि बेळगावचे कारखाने

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत दिवसपाळी संपवून संध्याकाळी अभ्यासाला बसणारी तरुण मुले पाहिली की मला सॅम्युएल स्माइल्स यांची आठवण होते. १८१२ साली स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन येथे जन्मलेले स्माइल्स शिक्षणाने डॉक्टर, पुढे इंग्लंडमधील लीड्समध्ये वृत्तपत्राचे संपादक आणि नंतर रेल्वे कंपनीचे सचिव झाले. परंतु जगाने त्यांना ओळखले ते १८५९ च्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकामुळे. पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या, १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी ते जपानीत नेले आणि अमेरिकेतील ऑरिसन स्वेट मार्डेन हेच पुस्तक वाचून लेखनाकडे वळले.

या पुस्तकावर आत्मकेंद्रितपणा शिकवल्याचा आरोप होतो, तो मला अन्यायाचा वाटतो. त्याचा उगम पाहावा. लीड्समधील दोन-तीन गरीब कामगार तरुणांनी एकमेकांना शिकवण्यासाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. संख्या शंभराच्या आसपास गेली, तेव्हा त्यांनी एक मोठी, कळकट खोली भाड्याने घेतली. तेथे पूर्वी कॉलऱ्याचे तात्पुरते रुग्णालय असल्यामुळे ती कोणीच घेत नव्हते. त्याच खोलीत बोलण्यासाठी त्यांनी स्माइल्स यांना बोलावले आणि त्या भाषणांतून पुढे हा ग्रंथ उभा राहिला. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो, त्याची सुरुवात अशी परस्परांच्या आधाराने झाली होती. स्वतःला मदत करण्याच्या कर्तव्यात शेजाऱ्याला मदत करणेही येते, असे स्माइल्स यांनी नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले, तरीही तो भाग फारसा कोणी उद्धृत करत नाही.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचलेला हा कर्तबगार माणूस आपल्याला ठाऊक असतो. मात्र बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज दिले, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू शकली, हे आपण ओझरते सांगतो.

स्माइल्स यांच्याविषयी माझी तक्रार वेगळी आहे. १८३२ च्या कॉलऱ्यात त्यांचे वडील गेल्यावर आईने दुकान चालवून अकरा मुलांचा संसार सांभाळला, म्हणून ते वैद्यकीचे शिक्षण पुरे करू शकले. अशा आईच्या मुलाने लिहिलेल्या पुस्तकातील नायक मात्र जवळजवळ सगळे पुरुष आहेत.