भिंतीवरचा पेरू

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस पाणी पिऊन झालं की हमखास विचारतो, "हा पेरू कशाला लावलाय भिंतीवर?" पेरू नाही हो, पेअर आहे तो, नासपती. (पोर्तुगीजमध्ये पेरा म्हणजे नासपतीच आणि त्यावरूनच आपला पेरू आला म्हणतात, त्यामुळे तुम्ही अगदीच चुकलात असंही नाही.) आणि खरं म्हणजे तो पेअरही नाही, फ्रान्सचा राजा आहे. इथपर्यंत सांगेपर्यंत चहा येतो आणि विषय बदलतो, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

फ्रेममध्ये चार डोकी आहेत. पहिलं राजा लुई फिलिपचं, सरळ पोर्ट्रेट, जाडे गाल, कानाशी कल्ले, कपाळावर केसांचा झुपका. दुसऱ्यात गाल जरा ओघळलेत, तिसऱ्यात वरचा भाग निमुळता झालाय, आणि चौथं जवळजवळ नुसतं फळच. नेटवरून उतरवून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढला तेव्हा तो पण म्हणाला, ताई, शेवटचं नीट नाही आलंय.

हे काढलं शार्ल फिलिपों नावाच्या संपादकाने, तेही कोर्टात स्वतःच्या बचावासाठी. झालं असं की 1830 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लोकांनी रस्त्यावर उतरून जुना राजा हाकलला, लुई फिलिप आला, नव्या सनदेत लिहिलं की सेन्सॉरशिप परत कधीही आणणार नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फिलिपोंने 'ला कारिकातुर' हे साप्ताहिक काढलं. वर्षभरात हा आरोपीच्या पिंजऱ्यात! गुन्हा काय, तर एका चित्रात राजा गवंडी होऊन भिंतीवरच्या जुलै क्रांतीच्या खुणांवर गिलावा फासतोय. फिलिपों म्हणाला, चित्रात मुकुट नाही, नाव नाही, मग हा राजा कशावरून? नुसता चेहरा मिळतो म्हणून आत टाकणार असाल तर हे बघा, पहिलं राजासारखं, दुसरं पहिल्यासारखं, तिसरं दुसऱ्यासारखं, मग उद्या कोणी पेअर काढला तर त्यालाही धरणार का?

कोर्टाने काही ऐकलं नाही, सहा महिने कैद आणि 2000 फ्रँक दंड. पण मग पॅरिसच्या भिंतीभिंतीवर पेअर दिसायला लागले, कारण पेअर काढायला चित्रकला यावी लागत नाही, कोळशाचा तुकडा असला की झालं. 1834 मध्ये तर त्याच्याच 'ल शारिवारी' या दैनिकाला कोर्टाने त्या दैनिकाविरुद्धच लागलेला निकाल छापायला लावला, तेव्हा यांनी निकालाच्या ओळी पेअरच्या आकारात जुळवून छापल्या. शब्द सगळे कोर्टाचेच! मला तर हा चार डोक्यांपेक्षा भारी वाटतो.

छपाई कशी, तर शिळाछाप. आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांगं छापली ती याच तंत्राने. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट खडूने थेट चित्र काढायचं (उलटं, हे लक्षात ठेवून), दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा, ओल्या जागी शाई धरत नाही, खडूच्या रेघेवर बरोबर धरते. तांब्यावर कोरत बसायला नको, त्यामुळे भानगड ताजी असतानाच चित्र ओबेर नावाच्या चित्रविक्रेत्याच्या दुकानाच्या काचेत लागायचं आणि समोर ही गर्दी, विकत घेणारे थोडे, फुकट बघणारेच जास्त. त्यातल्या ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळायचं, आणि माझ्या मते सरकारला धास्ती या फुकट्यांचीच होती. कारण 1835 मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने राजावर हल्ला केला, राजा वाचला, 18 माणसं गेली, आणि सप्टेंबरात कायदा आला की छापण्याआधी परवानगी घ्या, पण कशाला, तर चित्राला आणि नाटकाला. लेखाला नाही! सनदेतल्या वचनाचं काय विचारलं तर म्हणे ते मतांपुरतं, चित्र म्हणजे मत नव्हे, कृती.

मग पुढचा प्रश्न असतो, म्हणजे सगळी टवाळीच का? नाही. याच फिलिपोंकडे ओनोरे दोमिए नावाचा चित्रकार होता, राजाला पैशांच्या टोपल्या गिळणारा राक्षस करून तुरुंगात जाऊन आलेला. एप्रिल 1834 मध्ये दंगलीत पॅरिसच्या ट्रान्सनोनँ गल्लीतल्या 12 नंबरच्या घरात सैनिक घुसले आणि त्यांनी आतले रहिवासी मारले, बारा जण. दोमिएने ती खोली काढली. पलंगाला टेकून पडलेला माणूस, अंगात झोपायचा शर्ट, टोपी डोक्यावर तशीच, आणि त्याच्या अंगाखाली एक लहान मूल. बाजूला उलटलेली खुर्ची. राजा नाही, पेअर नाही, शिपाईसुद्धा नाही, हसायला काहीच नाही. पोलिसांनी सापडतील तेवढ्या प्रती उचलल्या, दगडही नेला.

त्याचाही प्रिंट काढून आणलाय मी, पण तो कपाटात फाईलमध्ये आहे. सासूबाई म्हणाल्या, जेवायच्या टेबलासमोर प्रेत नको. मलाही तिथे बसून घास उतरला नसता.