तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्राला जाण्याआधी काय वाचू?

नामांकित विद्यापीठात अर्थशास्त्राला प्रवेश मिळालेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, मला हमखास एक प्रश्न विचारतात: कॉलेज सुरू होण्याआधीच्या सुट्टीत काय वाचून ठेवावं? उत्तर त्यांच्या मनात ठरलेलंच असतं. वर्तमानपत्रातलं अर्थविषयक पान, महागाई, व्याजदर, जमलं तर एखादं जाडजूड पुस्तक. मी म्हणतो, कॅल्क्युलस पक्कं करा, मग संभाव्यता आणि थोडं लिनिअर अल्जेब्रा. चेहरे पडतात.

केंब्रिज किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या पदवीला अर्ज करताना शाळेत अर्थशास्त्र घेतलेलं नसलं तरी चालतं. गणित नसलं तर चालत नाही. अर्थशास्त्र आम्ही शिकवू, गणित तुम्ही घेऊन या, असा हा सरळ व्यवहार आहे.

विद्यापीठ नामांकित असो वा नसो, पाठ्यपुस्तकं बहुतेक ठिकाणी तीच असतात, व्याख्यानंही फारशी वेगळी नसतात. फरक पडतो तो दर आठवड्याच्या प्रॉब्लेम सेटमध्ये, म्हणजे सोडवायला दिलेल्या उदाहरणांमध्ये. अगदी सुरुवातीचं गणित घ्या. एका ग्राहकाचं उत्पन्न ठरलेलं आहे, दोन वस्तूंच्या किमती ठरलेल्या आहेत. कोणती वस्तू किती घेतली म्हणजे त्याचं समाधान सर्वाधिक होईल? ठरलेल्या मर्यादेत सर्वाधिक मूल्य काढायची लग्रांजची रीत वापरायची, विकलन करायचं, शून्याशी मांडायचं, उत्तर काढायचं. हे चांगल्या मार्कांनी आलेल्या कुणालाही जमतं. खरी मजा ट्युटोरियलमध्ये. शिकवणारा म्हणतो, उत्तर बरोबर आहे, पण या रीतीमुळे समीकरणात लॅम्डा (λ) हा जादा अज्ञात आला, तो काय सांगतो? वर्गात शांतता. लॅम्डा सांगतो, उत्पन्न किंचित वाढलं तर समाधान साधारण किती वाढेल. म्हणजे ज्या अटीने ग्राहकाचे हात बांधलेत, ती अट जराशी सैल होण्याचं मोल. हे एकदा डोक्यात बसलं की पाणीवाटप असो नाहीतर कारखान्याची क्षमता, जिथे टंचाई तिथे माणूस हाच प्रश्न विचारू लागतो.

केंब्रिजमध्ये 1903 साली अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, तो अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने. ते मुळात गणिती. 1906 साली एका पत्रात त्यांनी आपली शिस्त सांगितली आहे: गणित लघुलिपीसारखं वापरा, मग सगळं साध्या भाषेत उतरवा, जगण्यातली उदाहरणं द्या आणि शेवटी गणित जाळून टाका. आजच्या विभागांमध्ये जाळायची पायरी बहुतेक विसरली गेली आहे, असं माझं मत. पण जाळायला आधी हातात काहीतरी हवं ना!

मग वर्तमानपत्रातले विषय येतच नाहीत का? येतात, पण उशिरा आणि वेगळ्या वाटेने. 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते वाढवलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या 410 फास्ट फूड दुकानांची माहिती गोळा केली. 1994 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की न्यू जर्सीतल्या नोकऱ्या त्यामुळे घटलेल्या दिसत नाहीत. पहिल्या सत्रातली मागणी-पुरवठ्याची आकृती याच्या नेमकी उलट सांगते: किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या घटतात. पुढे न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पगारपत्रकांची आकडेवारी घेऊन या निष्कर्षाला आव्हान दिलं, आणि वाद बराच लांबला. हातघाईवर आलेले प्राध्यापक वाचायला मला तरी फार आवडायचे.

इकॉनोमेट्रिक्सच्या, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक दावे तपासण्याच्या विषयाच्या परीक्षेत या प्रकरणावर ‘तुमचं मत काय’ असा प्रश्न येत नाही. विचारतात, पेनसिल्व्हेनियाशी तुलना योग्य ठरायला काय गृहीत धरावं लागतं? त्याचं उत्तर असं की वेतनवाढ झाली नसती तर दोन्हीकडचा रोजगार सारख्याच चालीने बदलला असता. हे गृहीतक तपासायला संख्याशास्त्र लागतं, कितीही लेख वाचले तरी ते येत नाही.

गणिताचा मनापासून कंटाळा असेल, पण राजकारण, धोरण, इतिहास यांची ओढ असेल, तर ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञान-राजकारण-अर्थशास्त्र अशा जोड अभ्यासक्रमाकडे पाहा. तिथे पहिल्या वर्षानंतर तीनपैकी एक विषय सोडता येतो. आणि ते जाडजूड पुस्तक घेतलंच असेल तर पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत उघडा. तोवर लेखकाशी भांडता येण्याइतकी तयारी झालेली असेल.