रेडिओलॉजी एमडी: परीक्षेच्या फॉर्मआधीची कागदपत्रं, माझा अनुभव

एमडी रेडिओडायग्नोसिसच्या (एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयवरून निदान करण्याच्या शाखेच्या) परीक्षेला बसू देतात ते कागद बघून, आणि त्यातले बरेच कागद पहिल्याच वर्षात हातात यावे लागतात. सोलापुरात रेसिडेन्सी करताना 2023 च्या पीजी (वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाच्या) नियमावलीतलं काय कुठे अडतं, ते लिहितोय.

पहिल्या वर्षात रिसर्च मेथडॉलॉजी, एथिक्स आणि बीसीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवण्याचं प्रशिक्षण) उरकायचं. रिसर्चचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर फुकट बघता येतो, पण नुसते व्हिडिओ बघून सर्टिफिकेट मिळत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, फी वेगळी, आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यायचा. त्या दिवसाची ड्युटी रोस्टर लागायच्या आधीच बदलून घ्या. नावही नीट टाका: डिग्रीवर वडिलांचं नाव आणि आधारवर नवऱ्याचं, असं असेल तर एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) नोंदणीवरचं नाव सगळीकडे चालवा.

खरी डोकेदुखी थीसिसची. ती परीक्षेच्या 6 महिने आधी जमा व्हावी लागते आणि परीक्षकांनी मान्य केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे 3 वर्षांपैकी हातात उरतात अडीच. त्यातून सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा), एथिक्स कमिटीची मंजुरी आणि शेवटचं स्टॅटिस्टिक्स वजा करा. कमिटीच्या मंजुरीआधीचा एकही पेशंट स्टडीत घेऊ नका, तारखा जुळवून बघणारा परीक्षक असतोच. विषय निवडताना एकच बघा: निदान पक्कं करणारा पुरावा आपल्याच हॉस्पिटलात मिळतो का? अपेंडिक्सची सोनोग्राफी आणि ऑपरेशनमधलं फाइंडिंग अशी जोडी त्या दृष्टीने सोपी. फॉलोअपच्या एमआरआयवर उभा असलेला विषय मात्र इथे अवघड जातो. आपल्याकडे अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून पार इंडी, विजयपूरपर्यंतचे पेशंट येतात. बरं वाटलं की ते परत फिरकत नाहीत, किंवा ऑपरेशन दुसरीकडेच करून घेतात. म्हणून सॅम्पल साइझपेक्षा (स्टडीसाठी ठरलेल्या पेशंटच्या संख्येपेक्षा) थोड्या जास्त केसेस घ्या. इमेजही त्याच दिवशी नाव काढून सेव्ह करा. पॅक्समध्ये (इमेज साठवणाऱ्या हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये) जागा कमी पडली की जुन्या स्टडीज आधी उडतात.

परीक्षेला बसायला पोस्टर, पेपर वाचन किंवा प्रसिद्ध अथवा स्वीकारलेला लेख, यांपैकी एक पुरतं. राज्य किंवा राष्ट्रीय परिषदेतलं पोस्टर त्यातल्या त्यात सोपं. ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) पाठवायची मुदत परिषदेच्या कितीतरी आधी संपते, आणि सर्टिफिकेटवर सादरकर्ता म्हणून तुमचंच नाव हवं.

हजेरी 80 टक्के. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, दर आठवड्याला भरा आणि महिन्याच्या महिन्याला गाइडची सही घ्या. वर्षाचं एकदम भरलेलं लॉगबुक एकाच शाईवरून ओळखू येतं.

जिल्हा रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या हॉस्पिटलातलं पोस्टिंग, 3 महिन्यांची, तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये. आपल्या शाखेला तिथे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा, आडवा येतो. त्या हॉस्पिटलच्या सोनोग्राफी नोंदणीत तुमचं नाव चढलेलं नसेल तर मशीनला हात लावू नका, वरिष्ठ कितीही घाई करोत. पोस्टिंगचा आदेश आला की लगेच त्या हॉस्पिटलशी बोलून हा विषय काढा. तोवर एक्स-रे आणि सीटीचं रिपोर्टिंग मागून घ्या. निघायच्या दिवशी हजेरीचा तक्ता आणि पूर्णतेचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह हातात घ्या. एकदा सोलापुरात परतलात की त्या एका सहीसाठी एसटीने हेलपाटे ठरलेले, आणि साहेब नेमके मीटिंगला गेलेले असतात.