पेव आणि दिवा

चाळीसगाव, चैत्र अमावास्या

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली आहे. घर माहेरवाशिणींनी भरण्यापूर्वी विज्ञानकथा पुरी करावी म्हणून रात्री वही घेऊन गच्चीवर बसलो आणि होती ती अकरा पानेही खोडून खाली आलो.

कथेत अवकाशातला एक बंदिस्त प्रदेश आहे. त्यात शिरलेले एकही यान परतलेले नाही. यानांवरची माणसे त्याला ‘पेव’ म्हणतात. हे नाव मला आजोबांमुळे सुचले. ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीखालचे कोठार, उघडल्यावर ते कुणाला लगेच आत उतरू देत नसत. कोंडलेले धान्य आतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून आधी दोरीला बांधून पेटता दिवा सोडायचा आणि तो विझला तर थांबायचे. आत कोसळलेल्याला काढायला घाईने उतरणारा दुसराही तिथेच राहतो, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

माझी चूक अशी की मी या प्रदेशाभोवती विजेचे झगझगीत कुंपण घातले होते. पण हा प्रदेश म्हणजे कृष्णविवर, ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही. त्याला न दिसणारी सीमा असते, कुंपण नसते. सूर्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत दाबला, तर त्याचे कृष्णविवर होईल. पृथ्वीसाठी ही त्रिज्या जेमतेम ९ मिलिमीटर भरते. ज्याचे छायाचित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते एम ८७ दीर्घिकेतले विवर मात्र सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे, आणि इतक्या मोठ्या विवराच्या सीमेवर डोके आणि पाय यांवरच्या ओढीतला फरक इतका क्षुल्लक असतो की ती ओलांडणाऱ्याला ओलांडल्याचे कळतही नाही. एवढ्या वस्तुमानाचे विवर स्वतःभोवती फिरत नसेल, तर आत गेलेल्याला केंद्राशी पोहोचेपर्यंत फार तर एक-सव्वा दिवस मिळतो. जेवावे, झोपावे, घरी निरोप पाठवावा, एवढा वेळ. फक्त निरोप बाहेर पडत नाही.

आणि आजोबांचा दिवा इथे फसवतो. पेवातला दिवा विझून सावध करतो. या सीमेशी सोडलेला दिवा बाहेरून पाहणाऱ्याला हळूहळू मंदावत, तांबूस होत जागीच थबकलेला दिसतो. सीमा ओलांडल्याचा क्षण त्याला कधीच दिसत नाही.

इथून जवळच असलेल्या पाटणच्या शिलालेखात ज्यांचे नाव कोरलेले आहे, त्या भास्कराचार्यांची (जन्म शके १०३६) आठवण झाली. शून्याने भागून येणाऱ्या ‘खहर’ राशीत कितीही मिळवले वा त्यातून कितीही काढले तरी ती बदलत नाही, असे ते म्हणतात. माझे पेव खहर असावे असा मोह झाला, पण तो आवरला, कारण कृष्णविवरात पडणारी प्रत्येक वस्तू त्याचे वस्तुमान वाढवते आणि सीमा किंचित बाहेर सरकते. म्हणजे सोडवायला गेलेले यानही पेवाचा घेर वाढवणारच, मग ती वाढ मोजण्याइतकी नसली तरी. हे मला कुंपणापेक्षा कितीतरी भयंकर वाटले.

आता कथा बाहेर थांबलेल्या यानावरच्या पहारेकऱ्याच्या नोंदवहीतून सांगेन. पहिले वाक्य लिहून ठेवले आहे: ‘दिवा अजून दिसतो आहे, दुसरे यान पाठवण्याची परवानगी मागत आहे.’