एकमत होणारं पुस्तक चर्चेला नको

आमच्या वाचनगटाची आजची चर्चा दोन तास चालली आणि चहा गार झाला! कारण एकच, निवडलेल्या पुस्तकावर वाद घालायला जागा होती. सगळ्यांना आवडेल असं पुस्तक घेतलं की वीस मिनिटांत ‘छान आहे’वर गाडी थांबते.

महिन्याला एक पुस्तक असेल तर १५० ते २५० पानं पुरेत. ठरवण्याआधी प्रती मिळतात का ते बघा, तिघांत एक प्रत असली की शेवटचा माणूस न वाचताच येतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी सुरुवातीला फार चांगली: लहान आणि दुष्काळी माणदेशातल्या एका शाळामास्तराची. सांगोल्याकडच्या वाचकाला दुष्काळ वेगळा समजावावा लागत नाही. आणि आपल्या सोलापुरात कन्नड, तेलुगू घरांतले वाचक असतात, म्हणून अनुवाद जरूर घ्या. मूळ भाषा येणारा कुणी असला तर एकेका शब्दावर अर्धा तास सहज जातो, जाऊ द्यावा.

तयारी करताना आठ प्रश्न काढा, त्यातले चारच वापरले जातील. ‘आवडलं का?’ याचं उत्तर एका शब्दात संपतं. ‘मास्तरांनी इथे गप्प बसायला हवं होतं का?’ असं विचारा. वाचून दाखवायचे दोन उतारे ठरवा. पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून उताऱ्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवा. लेखकाची माहिती पाच मिनिटं, त्याहून जास्त झाली की व्याख्यान होतं.

पहिल्या फेरीत प्रत्येकी एक मिनिट, मध्ये कुणी बोलायचं नाही. अबोल माणसं त्या मिनिटात बोलली तरच पुढे बोलतात.